कुंकवाला जाब, लिलावाला टाळ्या

दिखाव्याविरुद्धचे उपदेश आमच्या मंडळ्यांमध्ये कमी होतात असं कुणी म्हणू नये. धुळ्यापासून नवापूरपर्यंत किंवा अमळनेरपासून भुसावळपर्यंत कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बसा, महिन्यातल्या एखाद्या रविवारी तरी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या तेविसाव्या अध्यायातले परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी पुढारी, निघतातच. चुना लावलेल्या कबरा, बाहेरूनच घासलेली वाटी, पुदिना-बडीशेप-जिऱ्याचा दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा. पाळकसाहेबांचा आवाज चढतो, माना डोलतात. उपासना सुटल्यावर मात्र आवारातल्या निंबाखाली कुजबुज चालते ती अशी: अमक्यांची सून माहेरी गेली तेव्हा कपाळाला टिकली होती म्हणे. तमक्यांच्या पोराच्या शाळेच्या दाखल्यावर अजून हिंदूच लिहिलेलं आहे म्हणे. त्याच आवारात दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी असते आणि तिच्यावर देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरलेली असतात. तिच्याबद्दल कुणी कुजबुजत नाही.

माझी तक्रार या निवडीबद्दल आहे. पवित्र शास्त्र नीट वाचलं तर बाहेर एक आणि आत एक असण्याचे दोन प्रकार तिथे वेगळे धरलेले दिसतात. एक मुखवटा माणूस भीतीपोटी घालतो, दुसरा कौतुकापोटी. पहिल्याशी संदेष्टे आणि खुद्द येशू नरमाईने वागले, दुसऱ्याची त्यांनी सालटी काढली. आम्ही नेमकं उलटं चालवलं आहे. भ्यालेल्याला चर्चच्या पंचकमिटीपुढे उभं करायचं आणि मिरवणाऱ्याला व्यासपीठावर खुर्ची द्यायची.

हंगामी सणाचा लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पीक हाती आलं की एक रविवार उपकारस्तुतीचा ठरतो. माणसं शेतातलं, घरातलं काही ना काही आणतात. केळीचा घड, भरताची हिरवी वांगी, ज्वारीची कणसं, कापसाने भरलेली टोपली, नवापूरकडे तांदूळ नि तूर, कुणाची पाय बांधलेली गावठी कोंबडी. वेदीपुढे ढीग लागतो, प्रार्थना होते आणि मग मांडवात लिलाव. ही पद्धत मला मनापासून आवडते. ज्याच्याकडे रोकड नाही तो चार वांगी आणतो आणि त्याच्या वांग्यांनाही देवापुढे जागा मिळते. या पैशातून छपराचे पत्रे बदलले जातात, बोअरची मोटर दुरुस्त होते. तेव्हा लिलाव बंद करा असं मी म्हणणार नाही.

पण बोली चढायला लागली की मांडवातली हवा बदलते. एका लिंबावर हजाराची बोली लागते. माईकवाला नाव, गाव, हुद्दा पुकारतो. मग समोरच्या भाऊबंदाला गप्प बसवत नाही. मोबाइल वर होतात, टाळ्या पडतात, लिंबू पाच हजारांवर जातं. ज्या बाईने ते लिंबू आणलं ती मागे सतरंजीवर बसलेली असते, तिचं नाव कुणी पुकारत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. सण झाल्यावर कित्येक महिने खजिनदाराच्या वहीत एक पान उघडंच राहतं: बोली लावली, रक्कम येणे बाकी. कोणत्याही मंडळीच्या खजिनदाराला एकांतात विचारा. तो हसेल आणि विषय बदलेल.

हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट या पानाची आहे. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात नवराबायकोने जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि उरलेले आणून प्रेषितांच्या पायांशी ठेवले. दोघं तिथेच कोसळून मेली. लहानपणी ही गोष्ट आम्हाला दशमांश बुडवू नका म्हणून सांगितली जायची, आणि अजून सांगितली जाते. पण प्रेषितांतला पेत्र हनन्याला काय म्हणतो ते पाहा. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. म्हणजे अर्धे दिले असते तरी कुणाची ना नव्हती, काहीच दिलं नसतं तरी चाललं असतं. अर्धे देऊन पुऱ्याचा मान घ्यायचा, हा त्यांचा गुन्हा. आधीच्याच अध्यायात बर्णबा नावाच्या शिष्याने शेत विकून सगळी रक्कम दिली होती आणि त्याचं नाव झालं होतं, हेही विसरू नये. यांना ते नाव हवं होतं. अशा भुकेला मंडळीने टाळ्यांचं खतपाणी घातलं की हनन्या घरोघर उगवतात, आणि मग त्यांना दोष देताना टाळ्या कुणी वाजवल्या हे आपण सोयीने विसरतो.

आता दुसऱ्या मुखवट्याकडे. जुन्या करारातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामान येतो, अरामाच्या राजाचा सेनापती. संदेष्टा अलीशाच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात बुचकळ्या मारून त्याचा कुष्ठरोग गेला आणि त्याने इस्राएलाच्या देवालाच भजायचं ठरवलं. इथवर रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. नामान अलीशाला म्हणतो, माझी एक अडचण आहे. माझा राजा रिम्मोन दैवताच्या देवळात पूजेला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, आणि तो वाकला की मलाही वाकावं लागतं. एवढ्याची मला क्षमा असावी. अलीशा, ज्याचा गुरू एलीया बआल या परक्या दैवताच्या संदेष्ट्यांवर तुटून पडला होता तो अलीशा, यावर काय म्हणतो? नोकरी सोड? राजाला साक्ष दे? तो म्हणतो, शांतीने जा. बस्स, एवढंच.

आणि त्याच अध्यायाच्या शेवटी गेहजी आहे, अलीशाचा चाकर. सकाळ-संध्याकाळ संदेष्ट्याच्या घरात वावरणारा, आजच्या भाषेत मिशन कंपाउंडमधला. गुरूने नामानाची भेट नाकारली ती याला बघवेना. तो रथामागे धावला, दोन गरीब शिष्य आले आहेत अशी थाप मारली, चांदी आणि पोशाख घेऊन आला आणि लपवून ठेवले. कुठे गेला होतास म्हणून गुरूने विचारलं तर म्हणे, कुठेच नाही. नामानाचा कुष्ठरोग त्याला चिकटला. देवळात वाकणाऱ्या परक्याला निरोप शांतीचा आणि देवाच्या नावावर मिळकत करणाऱ्या घरच्याला शिक्षा. हे दोन्ही एकाच अध्यायात ठेवणाऱ्याला आपल्याला काहीतरी दाखवायचं होतं, असं मला वाटतं.

नव्या करारातही तेच. निकदेम हा यहूदी पुढारी येशूकडे रात्री येतो. दिवसा का आला नाहीस, असं येशू त्याला एकदाही विचारत नाही. अरिमथाईकर योसेफ तर यहूद्यांच्या भीतीने गुप्त शिष्य होता असं योहान स्पष्ट लिहितो. पण येशू क्रुसावर मेला आणि उघड शिष्य पांगले तेव्हा रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन प्रेत मागणारा तोच, आणि सुगंधी मसाले घेऊन आलेला तो रात्रीचा निकदेमच. डोंगरावरच्या प्रवचनात मात्र चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणारे, दान देताना कर्णा वाजवणारे, उपासात तोंड उतरवून हिंडणारे यांना येशू धारेवर धरतो. त्यांच्यापैकी एकही भ्यालेला नव्हता.

खानदेशात भीतीचा मुखवटा कसा दिसतो? माझ्या माहितीतलं तापीकाठच्या एका गावातलं घर सांगतो. चार भाऊ, त्यातला धाकटा ख्रिस्ती झालेला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट असतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रोटाचे गहू घरातल्या माणसागणिक मुठी मोजून घेतात आणि तो प्रसाद भाऊबंदकीतच खायचा असतो, बाहेर द्यायचा नसतो. म्हणजे तुमच्या नावची मूठ धरली तर तुम्ही कुळात, नाही धरली तर बाहेर. धाकट्याने पहिल्या वर्षी विचारलं, “मनी मूठ धरी का नही?” थोरल्याने काही न बोलता त्याच्या नावची मूठ सुपात टाकली. धाकटा पूजेला बसला नाही, रोट खाल्ला नाही, पण मांडव बांधायला, पाणी भरायला, पाहुण्यांना वाढायला दिवसभर राबला. सोमवारी मिरवणुकीत नाचला नाही, गावाच्या वेशीपर्यंत चालला मात्र. बातमी चर्चला पोचली. पंचकमिटीने बोलावून विचारलं की तू दोन डगरींवर पाय ठेवतोस का. त्याचं उत्तर साधं होतं: मूठ भावाने धरली, मी ती परत कशी देऊ?

प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात या प्रश्नाचा कीस पाडला आहे, आणि तो काही सरसकट मुभा देत नाही. प्रभूच्या मेजावरही बसायचं आणि मूर्तीच्या मेजावरही, हे जमणार नाही असं तो दहाव्या अध्यायात बजावतो. बाजारात विकायला आलेलं मांस मात्र, ते मूर्तीला वाहिलेलं आहे का याची चौकशी न करता, खा म्हणतो, आणि समोरच्याच्या विवेकबुद्धीला धक्का लागत असेल तर खाऊ नको म्हणतो. म्हणजे जागा पाहून, माणूस पाहून ठरवायचं. त्या धाकट्या भावाने पौल वाचला होता की नाही देव जाणे, पण पूजा आणि रोट टाळून त्याने नातं राखलं यात पौलाला खटकण्यासारखं मला काही दिसत नाही. कमिटीला दिसलं. त्याच कमिटीतल्या एकाच्या नावावर लिलावाची बाकी होती की काय, ते विचारायची सोय नव्हती.

कागदाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. तो नुसता चर्चचा नाही, सरकारचाही आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. धर्माची ही अट काढावी अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली, ती तशीच पडून आहे. २०२२ मध्ये याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. चर्चच्या बाकावर बसल्याने गावातली जात सुटत नाही, पाणवठ्यावर आणि सोयरिकीत ती तशीच राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फॉर्मवर ख्रिस्ती लिहिलं की पोराची शिष्यवृत्ती, आरक्षणाची नोकरीतली जागा आणि अत्याचारविरोधी कायद्याचं संरक्षण जातं. मग बाप दाखल्यावर हिंदू लिहितो आणि रविवारी बायबल घेऊन चर्चला येतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका प्रकरणात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवायचं, ही संविधानाची फसवणूक आहे. कायद्याच्या चौकटीत निकाल बसतो, त्यावर मी वाद घालत नाही. पण चौकटच अशी आहे की माणसाने खरं बोललं तर त्याच्या पोराला दंड, आणि खोटं बोललं तर तो ढोंगी. ज्या कायद्याने ढोंग महाग करायचं तो खरेपणा महाग करून बसला आहे. यावर चर्चनेही तोच दंडुका उगारला तर त्या बापाने जायचं कुठे?

हा पेच आपल्यावर पहिल्यांदा आलेला नाही. इ.स. २५० मध्ये रोमच्या देकियस बादशहाने हुकूम काढला की प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. त्यातले काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेही आहेत: नाव, गाव, मी देवांना अर्पण केलं, खाली साक्षीदाराची सही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिले. काहींनी बळी न देता अधिकाऱ्याला चार पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसं चर्चच्या दाराशी परत आली. यांना घ्यायचं की नाही? रोममधल्या नोव्हेशन या पाळकाचं म्हणणं, मुळीच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या बाजूच्यांनी २५१ च्या सभेत ठरवलं की सगळ्यांना एका मापाने मोजायचं नाही, प्रत्येकाची हकिकत ऐकायची, नुसता दाखला घेणाऱ्यांशी अधिक सौम्य वागायचं आणि पश्चात्तापाची वाट कुणालाच बंद करायची नाही. सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता म्हणून त्याला बोलणं खावं लागलं होतं. पुढे २५८ मध्ये पाळी आली तेव्हा त्याने मान पुढे केली. हुतात्म्याची टोपी घालून दुसऱ्याच्या भीतीला हसणाऱ्यांनी हा माणूस वाचावा.

इथे मला अडवणारे असतील, आणि त्यांच्या हातात वचनही आहे. जो मला माणसांपुढे नाकारील त्याला मीही पित्यापुढे नाकारीन, असं मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशूच म्हणतो. दानीएलाने राजाची मनाई असतानाही खिडकी उघडी ठेवून प्रार्थना केली. शद्रख, मेशख आणि अबेदनगो भट्टीत गेले पण राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत. हे सगळं खरं आहे आणि मी ते पुसायला बसलेलो नाही. धैर्य हे भीतीपेक्षा मोठंच. पण ज्याने प्रभूला माणसांपुढे तीनदा नाकारलं, एका दासीपुढे शपथा वाहून नाकारलं, त्याच पेत्रासाठी येशू समुद्रकाठी कोळशावर मासे भाजून बसला आणि मेंढरं त्याच्याच हवाली केली. तेव्हा त्या वचनाचा अर्थ लावताना ज्याने ते उच्चारलं त्याची वागणूक बाजूला ठेवता येत नाही. शिवाय दानीएलाने स्वतःची खिडकी उघडी ठेवली होती. शेजाऱ्याची खिडकी बंद आहे म्हणून तो कमिटीकडे गेला नव्हता.

मात्र भीतीचा प्रत्येक मुखवटा मला माफ वाटतो असंही नाही, कारण पेत्राचाच आणखी एक प्रसंग गलतीकरांच्या पत्रात आहे. अंत्युखिया शहरात तो परजातीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून काही बडी मंडळी आली आणि त्यांच्या भयाने तो हळूच बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावलं. भीती दोन्हीकडे होती, फरक किंमत कोण मोजतो याचा. प्रभूला नाकारल्यावर पेत्र कोंबड्याची बांग ऐकून स्वतःच रडला होता. अंत्युखियात तो उठला आणि मान खाली गेली ती ताटावर उरलेल्यांची.

आमच्याकडे ही पंगत लग्नाच्या बायोडाटात सापडते. धर्म: ख्रिस्ती, आणि पुढे कंसात मूळ जात. मंडळीच्या जेवणात सगळे एका ओळीत बसतात, प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो, पण सोयरीक जुळवताना भिल्ल घरातून आलेला विश्वासू तरुण ‘मुलगा चांगला आहे हो, पण’ या वाक्यावर अडतो. लोक काय म्हणतील, भाऊबंद काय म्हणतील, धाकट्या मुलीचं कसं होईल. ही भीतीच आहे, कबूल. पण तिचं बिल त्या तरुणाच्या नावे फाटतं. इथे पौलासारखं सर्वांदेखत बोलायला हवं, आणि नेमकं इथेच आमचे पाळक खासगी बाब म्हणून गप्प बसतात. टिकली खासगी नाही आणि जात खासगी, हा न्याय कुठला?

सर्वांत महाग पडतो तो साक्षींचा देखावा. जागृती सभेत साक्ष द्यायला माणसं पुढे येतात. कर्ज फिटलं, दारू सुटली, दुखणं गेलं. दारू सुटल्याच्या पुष्कळ साक्षी खऱ्या असतात. त्यामुळे सावरलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांची टिंगल करणाऱ्याला मी दोन गोष्टी सुनावेन. पण माईकला विजयाचीच चटक असते. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघर माहीत आहे. तो जन्मजात असतो, हाडं ठणकतात, पोर रात्र रात्र कळवळतं, मध्ये काही महिने बरं असतं, पुन्हा उलटतं. अशा पोराच्या आईला बऱ्या महिन्यात स्टेजवर चढवलं आणि ‘प्रभूने पूर्ण बरं केलं’ असं तिच्याकडून वदवून घेतलं, टाळ्या झाल्या, व्हिडिओ फिरला. पुढच्या पावसाळ्यात पोर पुन्हा तळमळायला लागलं की ती कुठल्या तोंडाने प्रार्थना मागायला येईल? तिचा विश्वास कमी पडला असंच म्हटलं जाणार. मग ती गप्प राहते, गोळ्या चालू असतील तर लपवून देते, आणि वाईटात वाईट म्हणजे बंद करते. कुणीतरी मिळवलेल्या कौतुकाचं व्याज त्या पोराची हाडं फेडतात. त्याच भागात, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला, याच विश्वासाने उभं केलेलं रुग्णालय आहे. प्रार्थना आणि सलाइन यांची तिथे कधी भांडणं लागलेली नाहीत.

स्तोत्रांच्या पुस्तकात रडगाण्यांना भरपूर जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही. तसं स्तोत्र आमच्या साक्षीच्या वेळेत कुणी म्हटलं तर ढोलकीवाला मध्येच उचलून धरील, इतकी आम्हाला गोड शेवटाची सवय झाली आहे.

बाहेरच्या वाचकांनी यात फार खूश होऊ नये. ख्रिस्ती माणसाचा विश्वास खरा की गव्हासाठी, दुधाच्या भुकटीसाठी घेतलेला, हा प्रश्न आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला स्वतःच्या नवसाचा हिशेब कधी द्यावा लागत नाही. दुष्काळात ज्याने भाकरी दिली त्याचा देव आवडला, यात लाजण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. पोटाशी सुरू झालेला विश्वास तीन पिढ्यांनी कुठे पोचला ते बघायला हवं, आणि ते तहसील कचेरीत बघता येत नाही.

कवी नारायण वामन टिळकांची आठवण इथे काढतो. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षं हिंदूच राहिल्या, नंतर आपल्या पायांनी आल्या, आणि मधल्या काळात सोवळ्याओवळ्याच्या गाठी एकेक करून सुटल्या. कुणी एका दिवसात त्यांचं कुंकू पुसायला बसलं असतं तर मराठी ख्रिस्ती समाजाचं केवढं नुकसान झालं असतं! १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाच्या दरबाराची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे यावेत. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. पण दाखल्यावरच्या रकान्याने कुंपण घालायचं नाही, हा विचार मराठी मातीत शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला होता, आणि मांडणारा माणूस धैर्याला काही कमी नव्हता.

मग करायचं काय? फार मोठं काही मी मागत नाही. लिलाव करा, पण माईकवर वस्तूचं नाव घ्या, घेणाऱ्याचं नको, आणि पैसे त्याच दिवशी टेबलावर. बोली कोसळेल, पत्रे बदलणार कसे, असं खजिनदार म्हणतील. कोसळेलच, आणि कोसळेल तेवढी रक्कम आजही बहुतेक वहीतच असते. नव्या पाट्या कोरणं थांबवा. साक्षीची वेळ असेल तिथे अर्धवट राहिलेल्या गोष्टीही सांगू द्या, ‘अजून बरं वाटत नाही’ हेही. सून टिकली लावते का हे बघण्याआधी ती ज्या घरात नांदते तिथे तिच्या पाठीशी कोण आहे ते बघा. बाप्तिस्म्याची वही कुलपात ठेवा आणि कुणाच्या दाखल्यावर काय लिहिलं आहे हे निंबाखाली विचारू नका.

हे शेवटचं आता फार दूरचं राहिलेलं नाही. अनुसूचित जमातींना आजवर धर्माची अट नव्हती. म्हणून मावची, भिल्ल, पावरा समाजातले ख्रिस्ती उघडपणे ख्रिस्ती राहू शकले, गावात पांढरं चर्च बांधू शकले, नाताळला ढोल वाजवून रात्रभर नाचू शकले. धर्मांतर केलेल्यांना जमातींच्या यादीतून काढा ही मागणी मात्र गेली काही वर्षं जोरात आहे, मोर्चे निघतात, निवेदनं जातात. ती मान्य झाली तर आज ज्यांच्या धीटपणाचं कौतुक चालतं त्या पट्ट्यातल्या घराघरात दाखल्याचा हिशेब सुरू होईल आणि रविवारच्या बाकांवर रिकाम्या जागा दिसू लागतील. त्या जागांवर पूर्वी बसणारी माणसं रात्री कधीतरी पाळकाच्या दारावर थाप मारतील. त्यांना आत घेऊन चहा टाकायचा की आधी कागद मागायचा, हे प्रत्येक मंडळीने आपल्या पुढच्या वार्षिक सभेतच ठरवून ठेवावं.